पूर्वीचं पुणं कसं मिळवावं

पुण्यात खोली मिळते, डबा मिळतो, नशीब जोरावर असेल तर मीटरने येणारी रिक्षाही मिळते. पण एवढ्यावर तुम्हाला कुणी पुणेकर म्हणणार नाही. त्यासाठी जवळ 'पूर्वीचं पुणं' असावं लागतं. इथे जन्मलेल्यांना ते आजोबांकडून, वाड्याच्या कोर्टकज्ज्यासकट, आयतं मिळतं. तुम्ही यवतमाळहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये आखडून सकाळी संगमवाडीला उतरला असाल, तर ते स्वतःच जमवावं लागेल. काळजी नको. चिकाटी असेल तर सहा महिन्यांतही जमतं.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: तुम्ही आलात त्या वर्षापर्यंत पुणं फार छान होतं. तुमच्या मागच्या ट्रॅव्हल्सने जे आले, त्यांनी वाट लावली.

मग पुराव्यादाखल पाडलेलं काहीतरी हाताशी ठेवा. 2020 च्या आधी आला असाल तर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल तुमचाच. उभा होता तोवर लोक येता-जाता त्याच्या नावाने बोटं मोडायचे. त्या वर्षी जुलैत तो पाडला आणि तीच मंडळी आता "पूल होता तेव्हा कसे भुर्रकन जायचो" म्हणून हळहळतात. त्यालाही उशीर झाला असेल, तर चांदणी चौकातला जुना पूल चालेल. 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर तो स्फोटकं लावून उडवला, तरी सगळा पडला नाही. उरलेला यंत्रं लावून पाडावा लागला. (पुण्यातला पूल तो, पहिल्यांदा सांगून ऐकेल होय?) त्याहीनंतर आलेल्यांनी निराश होऊ नये. भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली ती सप्टेंबर 2024 मध्ये. त्याआधी आलेला कुणीही "मेट्रो नव्हती तेव्हाचं स्वारगेट" अशी सुरुवात करू शकतो. त्या स्वारगेटला धुराशिवाय काय होतं, असं कुणी विचारत नाही.

मात्र पेठेतले आजोबा समोर असतील तर तोंड उघडू नका. त्यांच्याकडे पानशेत असतं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हे ते तुम्हाला जिन्यापाशी नेऊन भिंतीवर हात ठेवून दाखवतील. त्या हाताच्या उंचीपुढे तुमच्या उड्डाणपुलाची काय कथा! मान हलवा आणि चहा येतोय का बघा. येणार नाही, पण बघायला हरकत नाही.

पाऊसपाण्याच्या गप्पांत मात्र लवकर शिरता येतं. इथे पाऊस मिलिमीटरवर मोजत नाहीत. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं का आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का, एवढंच विचारतात. गेला नसेल तर "हा काय पाऊस!" असं म्हणावं. गावाकडे आईने आठवडाभर टँकरची वाट पाहिलेली असते. ते विसरा. शहराच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं असताना "आमच्याकडे हल्ली एकच वेळ पाणी येतं हो" हे रडवेल्या आवाजात म्हणता आलं, की तुमचं निम्मं काम झालं.

राहण्याचं म्हणाल, तर शिकणाऱ्या पोरांनी सदाशिव किंवा नारायण पेठेत 'कॉट बेसिस'वर राहावं. खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. खिडकीकडची महाग, भिंतीकडची स्वस्त, आणि दाराकडची घेणाऱ्याला रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा सहवास फुकट. खाट देण्याआधी काकू मुलाखत घेतात.

"कुठले?"

"परभणी."

"म्हणजे तिकडचे. काय करता?"

"एमपीएससी करतो."

"ते झालं. पण करता काय?"

या प्रश्नाला उत्तर नाही, शोधूही नका. अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसलेल्यांनाही ते सापडलेलं नाही. अकरा महिन्यांच्या करारावर सही करा, गिझर सात वाजता बंद होतो हे ऐकून घ्या आणि डिपॉझिट परत मिळेल अशी मनाची समजूत घाला. काका स्वतः कधीतरी वाईहून ट्रंक घेऊन आले होते, हे तुम्हाला पुढे कळेलच. ते बोलून दाखवू नका.

आणि काकांचंच कशाला? पेशव्यांचं घराणं मूळ श्रीवर्धनचं. बाजीरावांनी 1730 मध्ये इथे शनिवारवाड्याचा पाया घातला. मला वाटतं, खाटेचं भाडं आणि काकूंचे प्रश्न यांपेक्षा नऊ बुरुज-बिरुज बांधून घेणं त्यांना परवडलं असावं.

नोकरीवाल्यांनी शहराबाहेर घर घेतलं तरी बिघडत नाही. थोडा दम धरला की शहरच तुमच्याकडे येतं. जून 2021 मध्ये 23 गावं एका झटक्यात महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वाघोलीतले लोक रात्री ग्रामपंचायतीत झोपले आणि सकाळी पुण्यात उठले. टँकर मात्र आदल्या दिवशीचाच.

पाट्यांना हसू नका. हसतात ते पाहुणे. आपण वाचायचं, आणि चपला काढायच्या.

एवढं अंगवळणी पडेपर्यंत गावाकडून चुलतभावाचा फोन येईल, "दादा, मीपण येऊ म्हणतो पुण्याला." लगेच हो म्हणायचं नाही. आधी एक सुस्कारा. मग, "आता पुण्यात काही राहिलं नाही रे. बाहेरून किती लोक येतात!" तो येणारच आहे. आल्यावर त्याला दुपारी दीड वाजता पेठेत खरेदीला पाठवा; बंद शटरवर दोन-चारदा आपटल्याशिवाय माणूस तयार होत नाही. तुमची भिंतीकडची खाट त्यालाच मिळवून द्या. गादी, बादली आणि एक्स्टेंशन बोर्डचे पैसे वेगळे.