गोळीनं दारू सुटते काय?

आमच्या फॅमिली ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक ऑडिओ क्लिप आली. नागपुरातले कोणी डॉक्टर आहेत, नाव ऐकू येत नाही, आवाज मात्र भारदस्त. म्हणतात, "लोक येतात अन् दारू सोडायची गोळी द्या म्हणतात. गोळीनं दारू सुटते काय? एक व्यसन सोडायचं अन् दुसरं लावून घ्यायचं. इच्छाशक्ती पाहिजे माणसात." खाली मामाजींचे जोडलेले हात, मावशीची तीन फुलं आणि पुण्यातल्या चुलतभावाचं 'शंभर टक्के बरोबर'.

दादाही त्याच ग्रुपवर आहे. पाठवणाऱ्याच्या हे लक्षात नसावं, किंवा पुरतं लक्षात असावं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाला, दोन्ही वेळा नीट होऊन आला, वजन भरलं, चेहऱ्यावर तेज आलं, आणि दोन्ही वेळा पुन्हा धरली. त्याला विचारूनच लिहिते आहे. "लिही, इथं कोणाला माहीत नाही?" म्हणाला.

मी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या ईस्ट एंडला एका फार्मसीत डिस्पेन्सर आहे, म्हणजे चिठ्ठीवरची औषधं काढून देणारी. बी.फार्म नागपूर विद्यापीठाचं. त्या क्लिपमधल्या डॉक्टरांनी ज्या गोळ्यांची टर उडवली, त्या मी रोज पिशवीत भरते. अकॅम्प्रोसेट म्हणजे दारूची ओढ कमी करणारी गोळी, तिचा खोका १६८ गोळ्यांचा. साठ किलोच्या वरच्या माणसाला दिवसातून तीनदा दोन-दोन, म्हणजे बरोबर चार आठवडे. आमच्याकडे एक गृहस्थ दर चार आठवड्यांनी येतात, इथल्या रेंजर्स फुटबॉल क्लबची टोपी घालून. मॅचच्या शनिवारी मुद्दाम सकाळी येतात, दुपारी त्या रस्त्यावरून त्यांना जायचं नसतं. पोस्टकोड सांगतात, पावसाला शिव्या देतात, पिशवी घेतात, जातात. त्यांच्या इच्छाशक्तीची चौकशी कोणी करत नाही. शुगरच्या गोळ्या नेणाऱ्या बाईला आपण जिलेबीबद्दल विचारतो का? (नागपुरात विचारतात, ते सोडा.)

"दुसरं व्यसन" हे कुठून आलं असेल, याचा मी बराच विचार केला. अफूजन्य नशांसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात, ती स्वतः त्याच कुळातली औषधं आहेत. त्यांच्याबद्दल हा वाद जगभर झाला. फ्रान्सनं १९९५-९६च्या सुमारास साध्या फॅमिली डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली आणि पुढच्या काही वर्षांत ओव्हरडोसचे मृत्यू झपाट्यानं उतरले. अमेरिकेत त्यासाठी डॉक्टरला खास परवाना लागायचा, तो २०२२ संपता संपता काढून टाकला. पण दारूच्या गोळ्यांशी याचा संबंध काय? नाल्ट्रेक्सोन नशा देत नाही, उलट दारूतून जी गंमत येते तिची वाट अडवतं. अकॅम्प्रोसेट तर इतकं मुकं औषध आहे की घेणाऱ्याला काही घेतल्यासारखंच वाटत नाही. दोन्ही एका दिवसात बंद केली तरी हात थरथरत नाहीत, घाम फुटत नाही. यांचं व्यसन लागतच नाही. एवढी साधी गोष्ट एमबीबीएस माणसानं माइकवरून चुकीची सांगावी, आणि आमच्या ग्रुपनं त्यावर फुलं वाहावीत!

बरं, ही औषधं नवीन आहेत, अजून पारखायची आहेत, असंही नाही. अकॅम्प्रोसेट फ्रान्समध्ये १९८९ पासून आहे. नाल्ट्रेक्सोन अमेरिकेत दारूसाठी १९९४ साली मंजूर झालं, तेव्हा दादा शाळेत होता.

गंमत पुढे आहे. आपल्याकडे गोळीला विरोध आहे असं मला आधी वाटायचं. तसं नाही. डायसल्फिराम आपल्याकडे खुशाल चालतं. १९४८ साली डेन्मार्कच्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन या दोघांनी ते पुढे आणलं. खरं तर ते जंतांवर चालतं का हे पाहत होते, स्वतःच गोळ्या घेतल्या आणि वर थोडी प्यायल्यावर त्यांची भंबेरी उडाली. दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं, ते पुढे फोडणारं एन्झाइम ही गोळी अडवते. मग तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी खाली. म्हणजे प्यायलास तर भोग. ओढ कमी करणाऱ्या गोळीवर आपल्याला संशय, आणि शिक्षा देणाऱ्या गोळीवर आपला विश्वास! यात कुठली वैद्यकीय सावधगिरी आहे ते मला कोणी समजावून सांगावं.

त्याहून वाईट म्हणजे ही शिक्षा कळू न देता द्यायची पद्धत. लहानपणी सीताबर्डीहून घरी येताना भिंतीवर रंगवलेलं असायचं, 'न सांगता दारू सोडवा'. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी अशी पुडी वरणात कालवली होती. काका त्या रात्री नेहमीसारखे पिऊन आले, जेवले आणि अंगणात आडवे झाले. त्या पुडीत काय होतं कोण जाणे. डायसल्फिराम असेल तर इथे ते सुरू करण्याआधी चोवीस तास दारूचा थेंब नको, हृदय तपासा, आफ्टरशेव्ह आणि कफ सिरपचीसुद्धा ताकीद द्या, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे जपा, एवढी पाटी वाचतात. आणि आपल्याकडे वरणात. त्या काकूंना कोणी नाव ठेवलं नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणून उघडपणे गोळी घेणाऱ्याला मात्र 'याच्यात दम नाही'.

खऱ्या सावधगिरीशी माझं भांडण नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर झटके येतात, माणूस दगावतो. आधी ती पायरी डॉक्टरच्या नजरेखालीच उतरायची. नाल्ट्रेक्सोनआधी लिव्हर बघावं लागतं, ट्रामाडॉलसारखं अफूच्या कुळातलं वेदनाशामक चालू असेल तर ते द्यायचं नाही. अकॅम्प्रोसेट किडनीवाटे जातं, म्हणून क्रिएटिनिन, ही किडनीची रक्ततपासणी. हे सगळं मान्य. पण दादाला ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी यातलं काहीच तपासलं नाही. म्हणाले, "आधी सहा महिने कोरडे राहून दाखवा, मग गोळीचं बघू." ताप उतरवून या, मग क्रोसिन देतो, असं झालं हे. पुन्हा पिणं टाळायचं औषध, आणि ते मिळणार पुन्हा न पिऊन दाखवल्यावर! त्यांचं दुसरं म्हणणं होतं की या गोळ्यांचा गुण फारसा नाही. २०१४ साली जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात अकॅम्प्रोसेट बारा जणांना दिलं तर त्यातल्या एकाचं पुन्हा पिणं टळतं असा हिशेब निघाला होता. "मग बाकीच्या अकरांना कशाला?" असं त्यांनी वहिनीला विचारलं. आईला कोलेस्टेरॉलची गोळी चालू करताना तिच्यासारख्या आणखी किती जणींना ती फुकट जाणार आहे, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिचा आकडा बाराहून कितीतरी मोठा निघेल.

विदर्भात दारूवर कमी बोलतात असं नाही. वर्धा बंद, गडचिरोली बंद, चंद्रपूर २०१५ला बंद आणि २०२१ला पुन्हा उघडं. बंदी असावी की नसावी यावर माझे दोन काका दिवाळीच्या फराळावर एकमेकांशी बोलेनासे झाले. पण बाटलीबद्दल एवढं रण माजवणाऱ्यांना प्यायलेल्या माणसाचं पुढे काय, यात रस नाही. एम्सनं २०१९ साली देशभराचा पाहणी अहवाल दिला. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. कसले तरी. म्हणजे क्लिपमधल्या डॉक्टरांना ज्यांच्यापासून समाज वाचवायचा आहे, ते गोळी मागायला येणारे लोक मुळात आहेतच किती!

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मोठं झालं. चुलतभावानं लगेच उत्तर टाकलं, "तुमच्या स्कॉटलंडनं काय दिवे लावले ते पण सांग." गुगल करायला वेळ लागत नाही. २०२३ मध्ये इथे दारूनं १,२७७ माणसं गेली, पंचावन्न लाखांच्या देशात. सरकारनं दारूच्या युनिटला, म्हणजे अल्कोहोलच्या ठरलेल्या मापाला, किमान किंमत बांधली, आधी ५० पेन्स, आता ६५. रात्री दहानंतर टेस्को सुपरमार्केटात बाटली मिळत नाही. तरी रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या सामाईक जिन्याच्या पायरीवर बकफास्ट वाइनची हिरवी बाटली असतेच. मी त्याला लिहिलं की गोळ्या सगळीकडेच कमी लोकांपर्यंत पोचतात, अमेरिकेत २०१९ साली ज्यांना दारूचा विकार होता त्यांच्यातल्या जेमतेम १.६ टक्के लोकांना औषध मिळालं होतं, तेव्हा दोष गोळीचा नाही, न देणाऱ्यांचा. उत्तर बरोबर होतं. पण 'तुमच्या स्कॉटलंडनं' हे शब्द मला त्या आकड्यापेक्षा जास्त लागले. इथे मला अजून विचारतात, मूळची कुठली. आणि तिथे मी 'तुमच्या' झाले.

मग वहिनीचा फोन आला. ग्रुपवर ती कधीच बोलत नाही. म्हणाली, "ताई, तुमचं सगळं वाचलं. बरोबरच असन. पण तुम्ही तिकडून सांगता, रात्री दोन वाजता गेट मलाच उघडावं लागते." मी गोळीचं सांगायला लागले तर म्हणाली, "गोळी मिळाली तरी ते घेतीन काय? दिवसातून तीनदा? कंपनीत कोण देईन त्यांना?"

याला माझ्याजवळ उत्तर आहे, आणि ते मला फारसं आवडत नाही. मुंबईच्या डॉ. अविनाश आणि डॉ. ॲलन डिसूझा यांनी २००४ साली एक अभ्यास छापला होता. शंभर पुरुष; काहींना डायसल्फिराम, काहींना नाल्ट्रेक्सोन. वर्षाअखेर डायसल्फिरामवाले ८६ टक्के न पिता राहिले होते, नाल्ट्रेक्सोनवाले ४४. म्हणजे मी जिला शिक्षेची गोळी म्हणते तीच जिंकली. अभ्यास उघड होता, कोण काय घेतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि ओढ नाल्ट्रेक्सोनवाल्यांचीच जास्त उतरली होती, हे मी तुम्हाला सांगणारच. पण त्यात निवडलेल्या प्रत्येकाच्या घरी गोळी वेळेवर जाते की नाही हे पाहणारं माणूस होतं. बायको, आई, कोणीतरी. दोन्ही गटांत होतं, पण शिक्षेची गोळी चालते ती त्या नजरेच्या जोरावरच.

इथे ते माणूस मी आहे. सकाळी नऊ वाजता मेथाडोनवाले येतात. मागच्या छोट्या खोलीत जायचं, हिरवं औषध छोट्या कपात मोजून द्यायचं, समोर प्यायला लावायचं, वर पाणी द्यायचं आणि चार वाक्यं बोलायची म्हणजे गिळलं की नाही ते कळतं. डायसल्फिरामवाल्या एक बाईही आमच्याकडेच येऊन गोळी घेतात, कारण घरी कोणी नाही. भाऊ कॅनडात, मुलगा बोलत नाही. मला त्या 'डार्लिंग' म्हणतात. त्यांचा घोट गिळला गेला की नाही हे मी नेमानं पाहते आणि पगार घेते. माझ्या भावाचा घोट पाहायला मी नाही, ते काम वहिनीच्या वाट्याला फुकट आलं आहे, वर तिला गेटही उघडायचं आहे.

आईचा उपाय वेगळाच. तिच्या माहेरी परमात्मा एक पंथाचे सेवक झालेली दोन घरं आहेत, बाबा जुमदेवजींना मानणारी, दारू-जुगार घरातून कायमचे गेले. मी पूर्वी हसायचे. आता बघते तर तिथेही हेच आहे, सगळं घर मिळून सोडतं, शेजारचं सेवक घर विचारपूस करतं, एकट्याच्या इच्छाशक्तीवर कोणी काही टाकून देत नाही. क्लिपमधल्या डॉक्टरांनी ते तरी सांगायचं होतं. त्यांनी तेही सांगितलं नाही.

दादा परवा बोलला. स्वतःहून, कंपनीच्या बाहेर उभा राहून, मागे ट्रकचे हॉर्न. "ते तीनदाचं काही जमायचं नाही," म्हणाला, "एकदाची काही आहे काय?" नाल्ट्रेक्सोन दिवसातून एकदाच असतं. मी त्याला नाव लिहून पाठवलं, सोबत एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, करून घे असंही. इथल्या नियमानं मी कोणाला औषध सुचवू शकत नाही आणि नागपुरात तर मी फक्त त्याची बहीण. नागपुरात ही गोळी लिहिणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हे मला ठाऊक आहे. सहा महिन्यांची परीक्षा न घेता लिहिणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. कोणाला माहीत असेल तर कळवा. हिंगण्याहून येणं अवघड नाही. वहिनी सोबत येईल, आणि सकाळची गोळी डब्याबरोबर तिच्याच हातून दिली जाईल असं तिनं मला सांगितलं आहे, "पण उघड देईन, वरणात नाही," असंही.