कॉलरा झालेल्या मुलाचं पाणी तोडायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय, कॉलरा म्हणजे मदत संस्थांचा धंदा आहे असं सांगणारा. मी दोन वेळा बघून सोडून दिला होता. पण काल माझ्या आतेबहिणीने तोच पाठवला आणि खाली विचारलं की ताई, यात पाणी बंद करायला सांगितलंय ते खरंय का, कारण घरात दीड वर्षाचं पोर आहे आणि त्याला सकाळपासून जुलाब होतायत. तिला लगेच फोन केला, काय करायचं ते सांगितलं, पण माझं डोकं काही शांत होईना. मी लहान मुलांसाठी काम करणाऱ्या एका मदत संस्थेत कॉलऱ्याच्या साथीचा इमर्जन्सी रिस्पॉन्स बघते, म्हणजे तंबू कुठे टाकायचे, पाणी कुठून आणायचं, नर्सेसच्या रात्रपाळ्या, ओआरएसचा साठा, हे सगळं. त्यामुळे हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जुलाब चालू असताना मुलाला पाणी देऊ नका, चोवीस तास पोट रिकामं ठेवा. ओआरएस म्हणजे नुसतं मीठ-साखर, खरा इलाज सलाईन, तो गरिबांना देत नाहीत. पाण्यात टाकतात ते क्लोरीन विष आहे. लसीत जिवंत जंतू असतात, मुलांवर ट्रायल म्हणून ती बळजबरीने टोचतात. आकडे फुगवतात. हैतीमध्ये यांनीच कॉलरा नेला. आणि मुलांना तंबूत आईपासून तोडून ठेवतात.

आधी पाण्याचं घेते, कारण बाकी सगळं वाचून माणूस फार तर चिडेल, पण हे वाचून मूल मरेल.

पाणी बंद केलं की जुलाब कमी होतात, असं त्यात लिहिलंय. होतात ना कमी, शरीरात बाहेर टाकायला काही उरलंच नाही की कमी होणारच, पण ते बरं होण्याचं लक्षण नाही, ते शॉकमध्ये जाण्याचं, म्हणजे रक्तदाब कोसळण्याचं लक्षण आहे. कॉलऱ्याचा जंतू आतड्यात विष सोडतो, त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर ओतत राहतात, तुम्ही वरून पाजलंत काय न पाजलंत काय, ते ओतणं चालूच राहतं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. मग मुलाचं काय होत असेल? आमच्याकडे त्यासाठी कॉलरा कॉट असते, मधोमध भोक असलेली खाट, भोकाखाली बादली, बादलीवर खुणा केलेल्या. तांदळाच्या धुवणासारखं पाणी त्यात पडत राहतं आणि नर्स दर थोड्या वेळाने वाकून बघते की किती गेलं, कारण जेवढं गेलं तेवढं परत भरायचं असतं. मुलाचे डोळे आत गेलेले असतात, रडतं पण डोळ्यात पाणी नसतं, पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन सोडला तर ती वळी तशीच उभी राहते, हळूहळू खाली बसते. वाटी दिसली की हिसकावून प्यायला बघतं. ते प्यायला बघतंय तोवर आपल्या हातात वेळ आहे. तोंडाला लावलं तरी घोट घेत नाही, नुसतं पडून राहतं, तेव्हा वेळ संपत आलेला असतो. आणि या मुलाला एक दिवस कोरडं ठेवा असं कोणीतरी घरात बसून टाइप करतो!

आता "नुसतं मीठ-साखर" याबद्दल. आतड्याची पाणी शोषायची एक वाट अशी आहे की ती कॉलऱ्याचं विष बंद करू शकत नाही. ग्लुकोज आणि सोडियम बरोबर आले तर आतडं ते दोन्ही आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. म्हणून साखर त्यात चवीसाठी नसते आणि म्हणूनच प्रमाण महत्त्वाचं, पुडी जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात, अंदाजपंचे नाही.

आणि पुरावा हवा असेल तर १९७१ चा बनगाव बघा. बांगलादेश युद्धातले निर्वासित लाखोंनी पश्चिम बंगालमध्ये येत होते, छावण्यांत कॉलरा पसरला होता, बनगावच्या हॉस्पिटलमध्ये माणसं जमिनीवर पडलेली आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरून आणली, पिंपात पाण्यात कालवली आणि नातेवाइकांनाच सांगितलं की पाजत राहा. डॉक्टर नाहीत, नर्सेस नाहीत, आई-बाप-भाऊ पाजतायत. दोनेक महिन्यांत ३,७०० च्या आसपास रुग्ण झाले, मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के. तोंडाने पाणी देण्याआधी ते ३० टक्क्यांच्या घरात होतं. हे त्यांनी १९७३ मध्ये रीतसर छापलं, आणि १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपायाला शतकातला कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. सलाईन कमी पडलं तेव्हा ज्याने माणसं जगवली त्यालाच हा मेसेज फसवणूक म्हणतो.

सलाईनबद्दल अर्धं खरं आहे ते मान्य करते. मूल निपचित पडलं असेल, पिऊ शकत नसेल तर शिरेतूनच द्यावं लागतं, रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन, वजनाच्या किलोला १०० मिली, वर्षाच्या आतल्या बाळाला सहा तासांत, मोठ्याला तीन तासांत, त्यातलं सुरुवातीचं ३० मिली तर भराभर. ते आम्ही देतोच. पण बहुतेक रुग्णांना त्याची गरज पडत नाही. आणि एक खरंय, ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, म्हणून आईला वाटतं की उपयोग नाही आणि ती पाजणं सोडते. जुलाब चालू राहिले तरी पाजायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, दर एक-दोन मिनिटांनी चमचाभर. चमचा, ग्लास नाही, घाईने पाजलं की परत उलटी होते. अंगावरचं दूध चालू, खाणं चालू, जोडीला झिंक दहा ते चौदा दिवस. आणि यातही मूल सुस्तावलं, पीत नाहीसं झालं किंवा लघवी थांबली तर घरी थांबायचं नाही, उचलून हॉस्पिटल गाठायचं.

क्लोरीन. विष आहे का? बाटलीतून प्यायलात तर आहे. आम्ही नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक राहील असं बघतो, जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. क्लोरीन टाकून अर्धा तास थांबायचं, मग छोट्या टेस्टरमध्ये पाणी घेऊन गोळी टाकायची, फिकट गुलाबी रंग आला की ठीक. रंग आलाच नाही तर ते पाणी आम्ही कोणाला भरू देत नाही. फरशी आणि बादल्या धुवायचं क्लोरीन कडक असतं, ते वेगळं कालवतात, वेगळ्या पिंपात ठेवतात, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मेसेजमधला फोटो त्या पिंपाचा आहे, पिण्याच्या पाण्याचा नाहीच. वासाची तक्रार मात्र खरी आहे, येतो वास, मुलं तोंड वाकडं करतात.

आणि अशा अफवांनी काय होतं ते माहीत नसेल तर सांगते. एप्रिल २०२४, मोझांबिकचा नाम्पुला प्रांत. कॉलऱ्याबद्दल खोट्या बातम्या पसरल्या, लोक घाबरून मासेमारीच्या बोटीत दाटीवाटीने बसून पळाले, बोट बुडाली, नव्वदहून जास्त माणसं गेली, त्यात मुलं खूप होती. घाबरून पळाले हे तिथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं. त्याच देशात २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळानंतर बेइरा भागात कॉलरा आला, तेव्हा आठ लाखांवर लोकांना लस दिली, उपचार केंद्रं आणि पाण्याची सोय पटापट उभी राहिली, साडेसहा हजारांवर केसेस होऊनही मृत्यू आठ. ८. हा आकडा त्या मेसेजवाल्याला सापडला नाही.

लसीवर फार लिहीत नाही. या साथींत जी तोंडाने देतात त्या लसीत जंतू मेलेले असतात, मेलेल्या जंतूने कॉलरा होत नाही. २०१३ पासून तिचा जागतिक साठा आहे, म्हणजे मुलांवर ट्रायल वगैरे काही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिचं संरक्षण कमी मिळतं हे खरंय, म्हणून तर पाणी आणि संडास यांचं काम थांबवता येत नाही. साठा एवढा अपुरा आहे की ऑक्टोबर २०२२ पासून साथीत दोनऐवजी एकच डोस देतायत. बळजबरीने टोचतात म्हणे, अहो ती टोचायची लसच नाही.

आकडे फुगवण्याचं. साथीत प्रत्येकाची लॅब टेस्ट होत नाही, संशयित केसेसमध्ये दुसऱ्या जुलाबाचे रुग्णही येतात, एवढं बरोबर आहे. पण उलटा प्रकार जास्त दिसतो, अनेक सरकारं व्यापार आणि पर्यटनाच्या भीतीने कॉलरा हा शब्दच काढत नाहीत, नुसते "पाण्यासारखे तीव्र जुलाब" म्हणून नोंद करतात, आणि तोपर्यंत आमचे ट्रक गोदामात उभे असतात.

हैती. इथे मला मान खाली घालूनच बोलावं लागतं. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथे कॉलरा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून गेला, छावणीची घाण नदीत गेली, आठ लाखांवर लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले, आणि संयुक्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षं हात झटकले. त्यांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की मून यांनी माफी मागितली ती थेट डिसेंबर २०१६ मध्ये. यावर कोणी रागावलं तर त्याला गप्प करायचा मला हक्क नाही. पण ती चूक सैनिकांच्या छावणीतल्या सांडपाण्याची होती. ओआरएस पाजणाऱ्या नर्सची नव्हती. हैतीचं नाव घेऊन दुसऱ्या कुठल्या आईला मुलाचं पाणी बंद करायला लावायचं, हे त्या मेलेल्या माणसांच्या नावावर खपवू नका.

राहिलं तंबूत मुलांना तोडून ठेवण्याचं. प्रत्येक मुलाजवळ घरचं एक माणूस बसवतोच आम्ही, कारण दर मिनिटाला चमचा कोण लावणार, एवढ्या नर्सेस कुठून आणायच्या? गर्दी नको म्हणून एकालाच आत सोडतो, बाकीचे बाहेर थांबतात, लांबून बघणाऱ्याला ते कुंपण दिसतं आणि मग गोष्टी रचल्या जातात. आई आजारी असेल आणि बाळ अंगावर पीत असेल तर बाळ तिच्याजवळच राहतं, दूध तोडत नाही. आणि एकटंच आलेलं मूल असेल तर आधी त्याच्या मनगटाला नावाची पट्टी बांधतो, वहीत नोंद करतो, त्याच्याजवळ बसायला एक माणूस ठरवतो आणि दुसऱ्या माणसाला त्याचं घर शोधायला पाठवतो.