‘चार तासांची झोप पुरे’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘यशस्वी विद्यार्थ्याचे सहा नियम’ या मथळ्याचा एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आमच्या कुटुंबाच्या गटावर तो तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला, तेव्हा मी काही बोलले नाही. माझी भाची पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तेच सहा नियम लाल शाईने उतरवलेले मला दिसले. पाच आठवडे ती रात्री एकला झोपून पहाटे पाचला उठत होती. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशनच्या एकाच प्रयोगात तिने ब्यूरेटचा (द्रावण मोजण्याच्या नळीचा) आकडा तीनदा चुकीचा वाचला होता, आणि संध्याकाळच्या बसमध्ये डोळा लागून ती दोनदा आपल्या थांब्याच्या पुढे गेली होती. मी तिला विचारले, तर म्हणाली, “मावशी, अजून सवय होतेय. पंधरा दिवसांत शरीराला सवय होते, असं त्यात लिहिलंय.” पाच आठवडे उलटून गेल्यावरही ती त्या पंधरा दिवसांची वाट पाहत होती. आता गप्प बसणे मला शक्य नाही.

या सहा नियमांपैकी सर्वांत घातक नियम दुसरा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करते. तो असा : ‘आठ तास झोपणारा आयुष्याचा एक तृतीयांश भाग वाया घालवतो. चार तासांची झोप पुरेशी आहे, पंधरा दिवसांत शरीराला तिची सवय होते.’ हीच गोष्ट प्रयोगशाळेत तपासली गेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 21 ते 38 वर्षे वयाच्या 48 निरोगी व्यक्तींचे गट केले होते. काहींना रोज चार तास, काहींना सहा तास, तर काहींना आठ तास झोपू दिले आणि हे सलग 14 दिवस चालवले. आणखी एका गटाला तीन रात्री मुळीच झोपू दिले नाही. दिवसभर ठरावीक अंतराने त्यांचे अवधान आणि स्मरणशक्ती तपासली जात होती. चार आणि सहा तास झोपणाऱ्यांच्या चुका दिवसेंदिवस वाढत गेल्या, त्या कुठेही थांबल्या नाहीत. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची अवस्था सलग एक ते दोन रात्री पूर्ण जागलेल्या माणसासारखी झाली होती.

मला खरी भीती वाटते ती या अभ्यासातील पुढच्या निष्कर्षाची. या लोकांना ‘तुम्हाला किती झोप येते आहे’ असे विचारले जात होते, आणि पहिल्या काही दिवसांनंतर त्यांच्या उत्तरांत फारसा फरक पडेनासा झाला. कामगिरी घसरत होती, पण आपण घसरतो आहोत हे त्यांना जाणवत नव्हते. ‘शरीराला सवय होते’ या वाक्याचा उगम मला इथे दिसतो. सवय होते ती थकव्याच्या जाणिवेची, आणि बुद्धीची झालेली हानी तशीच राहते. जी मुलगी ब्यूरेटचा आकडा चुकीचा वाचते आणि तरीही ‘मी ठीक आहे’ म्हणते, ती खोटे बोलत नसते. तिला ते कळतच नसते, आणि म्हणून तिच्या सांगण्यावर विसंबून आई-वडिलांनी निश्चिंत राहणे धोक्याचे आहे. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांसाठी अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने 2015 साली केलेली शिफारस सात ते नऊ तासांची आहे.

पहिला नियम म्हणतो, ‘सर्वांना 24 तासच मिळतात, मग तुम्हालाच वेळ का पुरत नाही?’ या प्रश्नातला दोषारोप मला अन्यायाचा वाटतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे विनामोबदला घरकाम करत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. संध्याकाळी सहाला घरी येऊन आधी कणीक भिजवायला घेणारी मुलगी आणि तिचा ताटावर येऊन बसणारा भाऊ, या दोघांचे 24 तास सारखे नाहीत.

तरीही गणित मांडून पाहू, कारण हा संदेश वेळेविषयी बोलताना एकदाही हिशेब करत नाही. नव्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात वर्षाला 40 श्रेयांक आणि 1200 अध्ययन-तास धरले आहेत, आणि त्यांत तासिका, प्रात्यक्षिके व स्वतःचा अभ्यास हे सगळे येते. पंधरा-पंधरा आठवड्यांची दोन सत्रे धरली, तर आठवड्याला 40 तास होतात. आठवड्याचे एकूण तास 168. त्यातून रोज आठ तासांची झोप, म्हणजे 56 तास वजा केले आणि अभ्यासाचे 40 वजा केले, की 72 उरतात. सहा दिवस रोज दोन तास प्रवासाचे आणि सातही दिवस आंघोळ-जेवण वगैरेंचे तीन तास काढले, तरी 39 तास शिल्लक राहतात. ज्या मुलीवर रोज तीन तास घरकामाचे ओझे आहे, तिच्याकडे 18 उरतात. तिच्या घरच्यांनी तिच्याकडून आणखी काही मागण्याऐवजी ते ओझे वाटून घ्यावे, एवढे या आकड्यांवरून सरळ दिसते. झोप कापण्याची गरज मात्र दोघांच्याही हिशेबात कुठेच निघत नाही.

तिसरा नियम 10,000 तासांचा : तेवढे तास दिले की कोणत्याही विषयात प्रावीण्य मिळते. हा आकडा ज्या संशोधनातून आला, ते अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांवर केलेले 1993 चे संशोधन. लहानपणापासून वाजवत आलेल्या सर्वोत्तम वादकांचा एकट्याने केलेला रियाज वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी तेवढा भरला होता. तीन वर्षांच्या पदवीत तेवढे तास बसवायचे, तर सुट्ट्यांसह रोज नऊ तासांहून अधिक होतात. शिवाय हेच वादक दिवसाला सुमारे साडेतीन तास रियाज करत होते आणि दुपारची वामकुक्षी धरून साडेआठ तासांहून अधिक झोपत होते. आपल्या दुसऱ्या नियमाला खोडून काढणारा पुरावा संदेशकर्त्याने स्वतःच तिसऱ्या नियमात आणून ठेवला आहे.

‘21 दिवसांत सवय लागते’ या चौथ्या नियमावर अधिक शब्द खर्च करायची गरज नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर झालेल्या अभ्यासात सवय मुरायला लागणारा मध्यक कालावधी (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना अधिक) 66 दिवस निघाला, आणि व्यक्तीनुसार तो 18 ते 254 दिवसांपर्यंत होता. बाविसाव्या दिवशी पहाटे जाग न आलेल्या मुलाने स्वतःला नालायक ठरवू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

पाचवा नियम वाचून मला दुःख झाले : ‘शिकताना नोकरी करणारे, एनएसएसमध्ये रमणारे आणि गॅदरिंगमध्ये नाचणारे मागेच पडतात.’ याच संदेशात दुसऱ्या नियमाच्या समर्थनासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला आहे. ज्या बाबासाहेबांनी लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करता यावे म्हणून 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी धरली, पैसे साठवले आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, त्यांचे नाव घेऊन नोकरी करणाऱ्या मुलांना हिणवणे मला सहन होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ हीच शिक्षणाची वाट करून दिली, आणि त्या वाटेने शिकलेल्या कुटुंबांतलीच कितीतरी माणसे आज हा संदेश पुढे पाठवत असतील. एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे म्हणाल, तर वर्षाला 120 तास, म्हणजे आठवड्याला अडीच तासांच्या आत.

राहिला सहावा नियम. दिवसाच्या सुरुवातीला कामांची यादी करावी, तातडीचे आणि महत्त्वाचे काम यांत फरक करावा आणि अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. नाइलाजाने का होईना, हे बरोबर आहे असे मला म्हणावे लागते. उद्याच्या जर्नलची सही तातडीची असते, तर महिन्याभराने येणाऱ्या गणिताच्या पेपरला कोणी हाक मारत नाही, म्हणून तो रोज मागे पडतो. फक्त या यादीत झोपेची वेळही लिहिलेली असली पाहिजे, आणि तीही सर्वांत आधी.

भाचीने वहीचे ते पान फाडले नाही. दुसऱ्या नियमावर काट मारून तिने शेजारी ‘11 ते 6:30’ असे लिहिले आहे. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळची भांडी आता तिचा भाऊ घासतो, आणि ते दोन तास तिने भौतिक रसायनशास्त्राच्या गणितांना दिले आहेत.