२९ झाकणं

माझ्याकडे तीन मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे आहेत आणि नऊ लेन्स. नऊ त्रिक सत्तावीस, हे पाढ्यात. प्रत्यक्षात त्या २७ जोड्यांपैकी १६ लागतात, त्याही चार अडॅप्टर (एका जातीची लेन्स दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या नळ्या) हाताशी असतील तर. हा हिशेब मी एका रात्री साडेअकराला बॅग भरता भरता मांडला. सकाळी पाचला निघायचं होतं.

पहिला कॅमेरा सोनीचा. त्यानंतर निकॉनचा झेड आला, कारण घरात निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते ती कडी) दोन लेन्स पडून होत्या आणि त्यांना आपल्या माणसांत नेऊन बसवावं असं वाटलं. तिसरा लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स जातीचा. ‘छोटा आहे, खिशात मावेल’ म्हणून घेतला. तसा खिसा अजून मिळालेला नाही.

आता या लेन्स एकमेकांच्या कॅमेऱ्याला का लागत नाहीत, असं ही मला अधूनमधून विचारते. सगळ्या गोल, सगळ्या काळ्या. तिला मी मिलिमीटर सांगतो. कॅमेऱ्यात आरसा होता तेव्हा लेन्सला चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून लांब उभं राहावं लागे. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर. आरसा गेला आणि लेन्स सेन्सरच्या जवळ सरकली. झेडमध्ये १६, सोनीच्या ई माउंटमध्ये १८, मायक्रो फोर थर्ड्समध्ये १९.२५. (हा पाव मिलिमीटर कोणत्या बैठकीत ठरला असेल?) लांब अंतराची लेन्स जवळच्या अंतराच्या कॅमेऱ्याला मध्ये नळी घालून बसवता येते. उलट करायचं तर लेन्स कॅमेऱ्याच्या पोटात शिरायला हवी. म्हणून सोनीची लेन्स दोन मिलिमीटरची चकती लावून झेडवर बसते, पण झेडची लेन्स सोनीवर काही केल्या बसत नाही. एवढं ऐकून ही म्हणाली, “म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखंच की. मोठ्यावर छोटं झाकण बसत नाही.” अगदी तसं नाही. पण फार वेगळंही नाही.

त्या रात्री एफचा झेडवर बसवायचा अडॅप्टर सापडेना. तो असतो साडेतीस मिलिमीटरचा. मग डोक्यात वीज चमकली: एफवरून सोनीवर नेणारा साडेअठ्ठावीसचा, त्यामागे सोनीवरून झेडवर नेणारी दोनची चकती. साडेअठ्ठावीस आणि दोन, साडेतीस! शाळेत गणितात असा आनंद मला कधी झाला नव्हता. लेन्स बसली. काढायला गेलो तेव्हा हातात काय येईल याचा नेम उरला नाही: कधी लेन्स, कधी लेन्स आणि नळी, कधी अख्खी वरात. त्यातून निकॉनची लेन्स बसवायला ज्या दिशेला फिरवायची, त्याच दिशेला सोनीची फिरवली की निघते. माझ्या मनगटाला अजून हे पाठ झालेलं नाही. एकीकडे आवळतोय म्हणता म्हणता मी दुसरीकडे सैल करतो.

मुलगी पाणी प्यायला उठली. तिने ती ५० मिलिमीटरची जुनी लेन्स उचलली. (हे मिलिमीटर वेगळे: आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) मी म्हटलं, ही छोट्या कॅमेऱ्यावर लावली की १०० सारखी दिसते.

“मोठी होते?”

“नाही गं. सेन्सर लहान, म्हणून चित्राचा मधलाच भाग मिळतो.”

“म्हणजे कापून देतो. आणि तुम्ही त्याला शंभर म्हणता.”

ती झोपायला गेली. मी अर्धा तास तिचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला, एकट्यानेच.

पहाटे तळ्यावर पोचलो. तिथे आधीच सात-आठ जण तिपायांवर ओणवे झालेले. सोनीवर मी ती जुनी ५० लावली. साध्या अडॅप्टरमध्ये विजेची जोडणी नसते, त्यामुळे समोर पाव किलोची लेन्स लटकत असताना कॅमेरा ठामपणे सांगतो की लेन्स नाही. पडद्यावर लेन्सच्या छिद्राचा आकडा दाखवणाऱ्या ‘एफ’पुढे आकडा नाही, नुसत्या दोन रेघा. ‘लेन्स नसली तरी फोटो काढ’ अशी परवानगी मेनूत शोधून द्यावी लागते. शिवाय लेन्स किती मिलिमीटरची हेही आपणच सांगायचं, म्हणजे हात हलला तर सेन्सर किती सरकवायचा ते त्याला कळतं. मागच्या वेळी १३५ लावली होती, तो आकडा तसाच राहिला. कॅमेऱ्याने १३५च्या हिशेबाने इमानेइतबारे सेन्सर हलवला. माझा हात स्थिर होता, फोटो हलले. त्या दिवशी मी काढलेले पहिले ४२ फोटो भूकंपाचे आहेत.

मग बगळा दिसला. ध्यान लावून उभा, त्यामुळे मला लेन्स बदलायला वेळ होता. पण हात दोनच. सेन्सरवर धूळ बसू नये म्हणून कॅमेरा खाली तोंड करून धरायचा, एक लेन्स काढायची, दुसरीचं मागचं झाकण काढायचं, ते पहिलीला लावायचं, आणि ते लागत नाही, कारण ती दुसऱ्या माउंटची. शेवटी हिने ओंजळ पुढे केली. मी झाकणं टाकत गेलो. शेजारचे गृहस्थही बहुधा अशाच पेचात होते. त्यांनी काही न बोलता आपलं झाकण हिच्या ओंजळीत ठेवलं. बगळा मिळाला. बरा आलाय.

रात्री मोजदाद केली. नऊ लेन्सची पुढची-मागची मिळून १८, चार अडॅप्टरची ८, कॅमेऱ्यांची ३, एकूण २९. मोजली ती ३० भरली. तिसावं कशालाच बसेना. आतल्या बाजूला पाहिलं तर कॅननच्या आरएफ माउंटचं.

“त्यांना परत द्यायला हवं,” ही म्हणाली.

“द्यायलाच हवं,” मी म्हटलं. पण त्यांचा नंबर नाही, नाव माहीत नाही. झाकण मात्र नवंकोरं आहे. नुसतं ठेवून वाया जाणार. आरएफचं अंतर २० मिलिमीटर, म्हणजे माझ्या दोन्ही जुन्या लेन्स त्याला लागतील. साडेसव्वीसचा अडॅप्टर हवा फक्त.