दोन डोळे शेजारी

'दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी' ही म्हण आजी आमच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या दोन काकांसाठी राखून ठेवायची. ती माझ्याच तोंडावर लागू पडेल, असं वाटलं नव्हतं.

झालं असं, की संध्याकाळी सहानंतर लॅपटॉपवरच्या एका ओळीच्या दोन व्हायला लागल्या. पगाराचा आकडाही दोनदा दिसायचा, तेवढाच काय तो आनंद. आईचं निदान तयार होतं: "मोबाइल." चष्म्याच्या दुकानात तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. दोन्ही डोळे ६/६. म्हणजे डोकं दुखतंय म्हणावं तर आपणच ढोंगी.

शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, सोबत आई. तपासणारी मुलगी माझ्याच वयाची, पण मला 'सर' म्हणणारी. "एकेक डोळा उत्तम आहे, सर. आता दोघं मिळून कसं काम करतात ते बघू." अप्रेझलची सुरुवात अशीच होते.

आधी लाल-हिरव्या काचांचा चष्मा. समोर चार दिवे. चार दिसले तर डोळ्यांचं जमतंय, पाच दिसले तर दोघं वेगवेगळं बघताहेत. "चार. नाही, पाच. थांबा, चारच धरा." ती काही घासाघीस करेना.

मग दुसरा चष्मा आणि पुस्तकात ही एवढी माशी. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिली, की मेंदू त्या फरकातून खोली उभी करतो. व्हीटस्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८३८ मध्ये हे दाखवून दिलं. "पंख चिमटीत पकडा." पंख कागदाच्या चांगले बोटभर वर! मी पकडले. चष्मा नसलेल्या आईला मात्र हवेत चिमटे काढणारा घोडा दिसला. "घरात एक माशी मारत नाही कधी."

इथवर ठीक होतं. मग तिने माझा एक डोळा झाकला, झाकण काढलं, दुसरा झाकला. झाकलेला डोळा आडोशाला हळूच बाहेरच्या बाजूला सटकायचा आणि झाकण हलताच टुणकन जागेवर यायचा. साहेबांची गाडी दिसल्यावर खुर्ची गाठणारा कारकून! दिवसभर त्याला जागेवर धरून ठेवण्यातच माझं डोकं दुखत होतं.

शेवटी पेन्सिल. ती नाकाकडे आणायची आणि दोन दिसल्या की सांगायचं. बहुतेकांची पाच-सहा सेंटिमीटरवर दुभंगते. माझी चौदावर. तिसऱ्या खेपेला सतरावर.

उपाय? घरी रोज पंधरा मिनिटं तीच पेन्सिल नाकाकडे आणायची. पहिल्याच रात्री आईने ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या नाकाला टेकवली.

"किती दिसतात?"

"धूसर दिसतेय. पण एकच."

पेन्सिल परत देत ती म्हणाली, "मोबाइल."