मालक तुम्ही, परवानगी त्यांची

फोनचे हप्ते आपण भरतो, काच फुटली की हळहळतोही आपणच. पण त्यात काय चालवायचं असं विचारलं, की फोन एकदम परक्याचा होतो. खात्री करायची असेल तर स्टोअरबाहेरचं काहीतरी घालून बघा. एफ-ड्रॉइड हे ॲप्सचं दुसरं दुकान घ्या: फुकट, बिनजाहिरातीचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, उतरली, टिचकी मारली, की पहिली अडवणूक. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधायचं. भले भले घसरतात ते इथे, कारण परवानगी नव्या ॲपला द्यायचीच नसते. ज्याने फाइल उघडली, त्याला द्यायची. क्रोमने उघडली तर क्रोमला, फाइल मॅनेजरने उघडली तर त्याला वेगळी. पाहुणा सोसायटीच्या गेटवर उभा आणि वॉचमन सही मागतोय रिक्षावाल्याची! अँड्रॉइड ८ पासून हीच रीत आहे. काम झाल्यावर परवानगी आठवणीने काढून घ्या, विशेषतः व्हॉट्सॲपला दिली असेल तर. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके बँकेचे ओटीपी वाचत बसते. म्हणजे हे पहारे अगदीच उगाच बसवलेले नाहीत, हे मलाही नाइलाजाने मान्य आहे.

पुढे प्ले प्रोटेक्ट, ॲप्स तपासणारा गूगलचा पहारेकरी. 'नको' म्हणायचं बटण ठसठशीत. 'इन्स्टॉल एनीवे' मात्र 'मोअर डिटेल्स'च्या आड लाजत उभं. बाहेरून आलेलं ॲप एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची, चालवायची) परवानगी मागत असेल, तर भारतात तेही दिसेलच असं नाही.

एवढ्यातून पार पडलात की 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड'. बस्स, कारण वगैरे काही नाही. तेव्हा तपास आपणच करायचा. तेच ॲप आधी स्टोअरवरून घेतलेलं असेल तर दोन्हींची डिजिटल सही (ॲप कुणी बांधलं त्याचा शिक्का) बहुधा जुळत नाही; मग जुनं काढावं लागतं आणि त्याच्याबरोबर आतला डेटाही जातो, म्हणून आधी बॅकअप. सही जुळली, तरी फोनमधली आवृत्ती नवी आणि फाइल जुनी असेल तर नकारच. फाइलच्या शेवटी एक्सएपीके असेल तर ती एपीके नव्हेच, तुकड्यांचं गाठोडं आहे. त्याला वेगळा इन्स्टॉलर लागतो. आणि अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या काळासाठी बांधलेली ॲप्स अँड्रॉइड १४ दारातूनच परत पाठवतं.

आयफोनवाल्यांनी हसू नये. फुकटच्या ॲपल खात्यावर बाहेरचं ॲप ७ दिवस जगतं, तेही एका वेळी तीनच, आणि ती घालायला अल्टस्टोअर नावाचं ॲप वापरलंत तर त्यातली एक जागा त्याचीच. आठवडा भरायच्या आत कंप्युटर चालू करा, दोघांना एकाच वायफायवर आणा आणि सहीचं नूतनीकरण करा. रोज औषध घेणारा माणूससुद्धा एवढा वक्तशीर नसतो. वर्षभराची निश्चिंती हवी तर डेव्हलपर खात्याचे ९९ डॉलर मोजा.

एवढा बंदोबस्त का, ते गल्ल्याकडे पाहिलं की कळतं. ॲपमधल्या डिजिटल खरेदीवर गूगल आणि ॲपल या दोन्ही दुकानांचा मूळ दर ३० टक्के, छोट्यांना १५. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. मग ॲपवाल्यांना स्वतःची पैसे घ्यायची सोय ठेवायला मुभा मिळाली आणि कमिशन उतरलं किती? ४ टक्के. म्हणजे पेमेंट गेटवेचा खर्च तुमचा, वर २६ टक्के त्यांचे. दंड मात्र २०२५ मध्ये अपिलात सुमारे २१७ कोटींवर आला. घसघशीत सूट कुणाला मिळते बघा!

हा कर शेवटी पडतो आपल्याच खिशावर. यूट्यूब प्रीमियम आयफोनच्या ॲपमधून घेतलं तर महाग, ब्राउझरमधून घेतलं तर स्वस्त. साक्षात गूगलही ॲपलचा वाटा आपल्याकडूनच वसूल करते. तेव्हा कुठलीही वर्गणी घेताना आधी वेबसाइटवरचा भाव बघा. आयफोनच्या ॲपमधून घेऊन बसला असाल तर सेटिंग्ज, सगळ्यात वर आपलं नाव, तिथे सबस्क्रिप्शन्स, आणि रद्द. मुदत संपू द्या, मग ब्राउझरमधून घ्या. नुसतं ॲप उडवून मोकळे होऊ नका. ॲप जातं, पैसे कापले जातच राहतात.