बोट १९१५ ला बुडाली, मग युद्ध १९१७ ला का?

"बाई, लुसिटानिया बुडाली मे १९१५ मध्ये आणि अमेरिका युद्धात उतरली एप्रिल १९१७ मध्ये. मग मधली दोन वर्षं काय चाललं होतं?"

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने हे विचारलं आणि मी खडू हातात धरून फळ्यापाशी उभीच राहिले. शाळेत असताना ‘लुसिटानिया बुडवल्यामुळे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली’ असं लिहून मी मार्क मिळवले होते. पुढे शिक्षिका झाल्यावर तेच लिहिणाऱ्यांना मार्क देतही आले. चूक होती ती. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या बोटीबद्दल. लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट. ७ मे १९१५ ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली. जवळजवळ १,२०० माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकन. देश हादरला, हे खरंच. पण त्याच बोटीत रायफलींच्या काडतुसांच्या पेट्याही होत्या. आणि ती न्यूयॉर्कहून निघाली त्याच सकाळी तिथल्या वर्तमानपत्रांत जर्मन वकिलातीची सूचना छापून आली होती की, ब्रिटिश जहाजाने जाल तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीला खलिते पाठवले, जर्मनीने कालांतराने पाणबुड्या आवरत्या घेतल्या, प्रकरण निवळलं. इतकं निवळलं की १९१६ ची निवडणूक ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या प्रचारावर विल्सन यांनी जिंकली!

मग बदललं काय? माझ्या मते ते समजून घ्यायला पैशाचा हिशोब बघावा लागतो. १९१४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ब्रायन यांचं म्हणणं होतं की लढणाऱ्या देशांना कर्ज देणं तटस्थपणात बसत नाही. पण ब्रिटनची अमेरिकेतली बरीचशी खरेदी न्यूयॉर्कच्या मॉर्गन बँकेमार्फत होऊ लागली. कापूस, गहू, तोफगोळे, सगळ्यांचे भाव वधारले. लुसिटानियाबद्दलचा दुसरा खलिता फार कडक आहे म्हणून ब्रायन यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटन आणि फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. जर्मनीभोवती ब्रिटिश आरमाराचा वेढा, त्यामुळे तिकडे व्यापार जवळपास बंद. कागदावर अमेरिका दोघांपासून सारखीच दूर होती, धंद्यात मात्र एकाच गिऱ्हाइकाची उधारी वाढत होती.

इथे थांबून ‘सावकारांनी अमेरिकेला युद्धात ढकललं’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. १९३० च्या दशकात तिथल्या सिनेटच्या चौकशी समितीपुढेही हाच संशय होता. मला तो अर्धवट वाटतो. नोव्हेंबर १९१६ मध्ये फेडरल रिझर्व्हनेच, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनेच, बँकांना बजावलं होतं की तारणाशिवाय ब्रिटनला आणखी उधार देताना सांभाळा, आणि त्यामागे खुद्द विल्सन होते. सावकारांचंच ऐकणारा माणूस असं करत नाही.

निर्णायक चूक बर्लिनने केली. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने कोणतंही जहाज दिसलं की बुडवायचं धोरण पुन्हा सुरू केलं. शिवाय परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनी मेक्सिकोला गुप्त तार धाडली होती: अमेरिकेशी युद्ध झालंच तर आमच्या बाजूने या, टेक्सास, न्यू मेक्सिको आणि अॅरिझोना परत मिळवायला आमची संमती. ही तार गेली कुठून? अमेरिकेच्याच राजनैतिक तारेच्या लाईनवरून. शांततेची बोलणी सोपी व्हावीत म्हणून विल्सन सरकारने जर्मनीला ती वापरायची मुभा दिली होती! ती लाईन लंडनवरून जात होती. ब्रिटिशांनी झिमरमन यांची तार मधल्या मधे पकडली आणि तिची सांकेतिक भाषा उलगडली. १ मार्चला ती अमेरिकन वर्तमानपत्रांत छापून आली. बनावट आहे म्हणून अनेकांनी हात झटकले, तर ३ मार्चला झिमरमन यांनी स्वतःच ती आपली असल्याचं मान्य केलं. ६ एप्रिलला युद्ध जाहीर झालं. हे सांगितल्यावर वर्गात अगदी शांतता पसरली होती.

विल्सन म्हणाले की जग लोकशाहीसाठी सुरक्षित व्हायला हवं. या वाक्यावर आपल्याकडच्या माणसांनीही विश्वास ठेवला होता. १९१९ च्या जानेवारीत लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. त्यांनी हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयासाठी विल्सन यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते सचिवाकडून: योग्य वेळी योग्य अधिकारी याचा विचार करतील. टिळकांना पॅरिसच्या परिषदेला जाऊही दिलं नाही. हे वाचताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. मंडालेत सहा वर्षं काढलेल्या माणसाला दोन ओळींची बोळवण.

दुसऱ्या महायुद्धाचंही तसंच. पर्ल हार्बर या हवाईतल्या अमेरिकन आरमारी तळावर जपानचा हल्ला, ७ डिसेंबर १९४१, २,४०३ मृत्यू. परीक्षेत ‘तात्कालिक कारण’ म्हणून हे बरोबरच आहे, पण आपण तात्कालिक लिहितो आणि त्याच्या मागचं विसरतो. जपान १९३७ पासून चीनमध्ये लढत होता आणि त्या लढाईला लागणारं तेल सुमारे ८० टक्के अमेरिकेतून येत होतं. म्हणजे चीनच्या नानकिंग शहरात जपानी फौजेने जी कत्तल केली त्यानंतरही साडेतीन वर्षं अमेरिका तेल विकत राहिली. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात शिरल्या, तेव्हा अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल थांबलं. जपानच्या आरमाराकडे जेमतेम दीड-दोन वर्षांचा साठा. चीनमधून मागे फिरायचं, नाही तर डच ईस्ट इंडीजचं (आजच्या इंडोनेशियाचं) तेल बळकावायचं. टोकियोने दुसरी वाट धरली, आणि त्या वाटेवर अमेरिकन आरमार आडवं येऊ नये म्हणून पर्ल हार्बर.

‘अध्यक्ष रूझवेल्टना सगळं आधीच माहीत होतं’ असा मेसेज दर डिसेंबरला फिरतो. कृपा करून पुढे पाठवू नका. जपानचे राजनैतिक संदेश अमेरिका वाचत होती आणि युद्ध जवळ आलंय हे कळत होतं, पण पर्ल हार्बरवर हल्ला होणार असं त्यांत कुठे नव्हतं. सगळ्यांचं लक्ष फिलिपिन्स आणि आग्नेय आशियाकडे होतं. आणि ८ डिसेंबरला रूझवेल्ट यांनी संसदेकडे मागितलं ते फक्त जपानशी युद्ध. जर्मनीचं नाव नव्हतं. ११ तारखेला हिटलरनेच अमेरिकेशी युद्ध पुकारलं.

त्या मुलीला मी शेवटी जेनेट रँकिनबद्दल सांगितलं. अमेरिकन संसदेत निवडून आलेली पहिली स्त्री. १९१७ मध्ये शपथ घेऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा त्यांनी युद्धाविरुद्ध मत दिलं. त्या वेळी प्रतिनिधिगृहात ५० जण विरोधात होते. १९४१ मध्ये ३८८ विरुद्ध एक, आणि ती एक म्हणजे रँकिन. मतदान संपल्यावर चिडलेल्या लोकांपासून वाचायला त्या टेलिफोनच्या बूथमध्ये शिरल्या आणि पोलिसांनी येऊन त्यांना ऑफिसपर्यंत पोचवलं. मी तिथे असते तर १९४१ मध्ये हो म्हटलं असतं, हिटलर आणि जपानचे पंतप्रधान टोजो यांच्यापुढे दुसरी वाट मला दिसत नाही. १९१७ मध्ये मात्र मी रँकिनबाईंच्या शेजारी बसले असते. मुलीने विचारलं, "आणि तुम्हालाही बूथमध्ये जावं लागलं असतं तर?" म्हटलं, गेले असते.